मंगळवारची मालगाडी

सकाळी सहाला ऑर्विलच्या पिकअपचा भोंगा.
बायको झोपेतच म्हणाली, "मोजे दोन घाल,"
आणि कूस बदलली.
बाहेर उणे सव्वीस.
पहिल्याच श्वासाला नाकातले केस
काचेसारखे कडक.

मालगाडीला वेळापत्रक नसतं, सवयी असतात.
ही आमची, मंगळवारची.
एल्मव्हिकच्या यार्डातून निघते,
वाटेतल्या प्रत्येक धान्यकोठाराशी थांबते,
भरलेले डबे उचलते, रिकामे ठेवते,
दूधवाल्यासारखी दारोदार.
दीड मैल लांबीच्या गाड्यांचे फोटो
कुणीही काढतं.
आम्हाला हीच पुरते :
एक इंजिन, फार तर दोन,
नऊ-दहा डबे,
आणि वेग ताशी दहा मैल, कारण खालचे रूळ
ऑर्विलच्या आजोबांच्या वेळचे.

लुंडेच्या फाटकाशी उभे राहिलो.
फाटक म्हणायचं ते सवयीनं;
आहे ती नुसती फुलीची पाटी,
गोळ्यांनी दोन ठिकाणी भोकं पडलेली.
तीन घरं, एक बंद चर्च,
बिटाची शेतं बर्फाखाली.
सूर्य वर आला तो डावीउजवीकडे
दोन खोटे सूर्य घेऊन.
ऑर्विल म्हणाला, "तिघांत मिळून ऊब एकाचीही नाही."
त्यानंतर तासभर काहीच म्हणाला नाही.

कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या मी बगलेत धरलेल्या,
अंडी उबवावीत तशा.
एकतीस वर्षं टपाल वाटलं या रस्त्यांवर,
थांबणं कधी जमलं नाही;
ते इथं शिकलो, साठीनंतर.
ऑर्विलच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे.
मला माहीत आहे.
मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे.
तो भिंगाची कडी फिरवत राहतो,
मी नुसतं "आता" म्हणतो,
जणू स्वतःशीच.

इथली जमीन इतकी सपाट
की गाडी येण्याआधी अर्धा तास
येतच असते.
आधी एक दिवा, थरथरता,
मोठा होत नाही, सरकत नाही,
कुणी क्षितिजाला टाचणी लावल्यासारखा.
मग भोंगा. मग पुन्हा काहीच नाही.
मग एकदम तीच :
नाकावर बर्फाचा थर, रंग विटून
नारिंगीचा पीच झालेला,
चाकांमागे उडणारी पांढरी धूळ.
"आता."
माझ्या डोळ्याशी मात्र धुकं.
श्वास रोखायला विसरलो होतो.

आणि ती थांबली.
सांधा गोठला होता; एक पोरगा उतरला,
झाडू घेऊन बर्फ झाडू लागला,
शिव्या देत, अगदी मन लावून.
इंजिनाची खिडकी सरकली.
चालक बाई, कानटोपी, हातात फोन.
"हलू नका," ती ओरडली.
"आठ वर्षं तुम्ही माझे काढताय.
घरी पोरीला सांगते,
दोन म्हातारे दर मंगळवारी माझी वाट बघतात,
तिला खोटं वाटतं."

आम्ही हललो नाही.
हातांचं काय करावं ते मात्र कळेना.
ऑर्विलनं थर्मास छातीशी धरला, बाळासारखा.
मी पोट आत घेतलं,
पाच थर कपड्यांच्या आत, कुणासाठी कोण जाणे.

सांधा सुटला. गाडी गेली.
आठ डबे मोजले; ऑर्विल म्हणाला, नऊ.

रात्री स्वयंपाकघरात फोटो बघतोय.
एक्केचाळीस.
एका तरी फोटोत ती धड उमटेल असं वाटलं होतं;
बहुतेकांत धुकं, एकात पोराचा झाडू.
ऑर्विलनं काढलेले पाहिले नाहीत अजून.
आणि कुठल्यातरी कोटाच्या खिशात
आमचा तो फोटो,
आता कदाचित एल्मव्हिकला
एखाद्या जेवणाच्या टेबलावर फिरत असेल.
माझे डोळे मिटलेले असणार, बहुधा.

आत्ता फोन आला होता.
ऑर्विल म्हणतो,
पुढच्या मंगळवारी दाढी करून जाऊ.